रातबेडूक आणि दिवसाचा परवाना

गेल्या वर्षभरात तिघा-चौघांनी मला विचारलं, "ताई, प्राणिशास्त्र केलंय, कॅमेऱ्याची आवड आहे, जंगलावर फिल्म करायचीय. सुरुवात कुठून करू?" आता मी कोण सांगणार? माझ्या नावावर नऊ मिनिटांची एक फिल्म आहे, तीही बेडकावर. पण ती करताना कागद, पैसे आणि झोप कुठे कुठे गेली ते लिहून ठेवलं तर निदान पुढच्याच्या दोन फेऱ्या वाचतील, म्हणून हे लिहितेय.

मी कराडची. शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एमएस्सी केली. मग सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवायला लागले. त्यात काय हाल असतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. मानधन चार-चार महिने थकायचं. मामांचा फोटो स्टुडिओ आहे, म्हणून डिसेंबर ते मे लग्नांच्या शूटिंगला त्यांच्याबरोबर जायला लागले. कॅमेरा मी तिथेच शिकले, कुठल्या संस्थेत नाही. ते कमी समजू नका. अंतरपाट एकदाच खाली येतो. त्या क्षणी फोकस हलला तर नवरीचा बाप दुसऱ्यांदा मंगलाष्टकं म्हणायला लावत नाही. पुढे ओढ्यात उभं राहून रात्री दोन वाजता बेडकाची वाट बघताना मला हेच आठवायचं.

तो बेडूक म्हणजे मुंबई रातबेडूक, शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. १९५५ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्यावरून नाव पडलं. नावात मुंबई असली तरी राहतो तो सह्याद्रीतल्या ओढ्यांत. अंगावर सुरकुत्या, डोळ्यात चौकटच्या इक्क्यासारखी बाहुली. एमएस्सीला असताना सरांनी २०१६ मध्ये 'पीअरजे' या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध वाचायला दिला. बहुतेक बेडकांत समागमाच्या वेळी नर मादीला पाठीवरून घट्ट धरतो. हा धरत नाही. तो मादीच्या पाठीवर येतो, पण हात टेकवतो पानावर किंवा फांदीवर. तिच्या पाठीवर शुक्रद्रव सोडून तो बाजूला होतो, अंडी ती त्यानंतर घालते आणि पाठीवरून ओघळणाऱ्या द्रवानं ती फळतात. जगात बेडकांचा असा प्रकार आधी कुणी नोंदवलेला नव्हता. आणि हा अभ्यास झालेली जागा कुठली, तर आपला सातारा जिल्हा! मला माझ्याच जिल्ह्यातलं जनावर इंग्रजी कागदावर भेटलं याची लाज वाटली. फिल्मची ठिणगी म्हणाल तर ती तिथली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरवलं की पुढच्या पावसात फिल्म करायची. कुठे, तर कोयना अभयारण्यात. दुसरी जागा डोक्यातच आली नाही, आणि माझी पहिली चूक तीच. पण ती कळायला नऊ महिने लागले.

अभयारण्यात चित्रीकरणाची परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मिळते. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे मध्ये प्रकल्पाचीही कार्यालयं येतात. १४ नोव्हेंबरला मी अर्ज दिला. सोबत फिल्मचा गोषवारा, तारखा, जागांचा नकाशा, प्रत्येकाचं आधार, उपकरणांची यादी अनुक्रमांकांसह, आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र. उपकरणांची यादी लिहिताना एक करा: जे नेण्याची दहा टक्के शक्यता आहे तेही लिहा. मी दुसरी ट्रायपॉड लिहिली नव्हती आणि पुढे ती नाक्यावर ठेवून जावं लागलं.

जानेवारीत अर्ज परत आला. शेरा होता, "संस्थेचे पत्र व पटकथा जोडावी." संस्थेचं पत्र मिळवायला महिना गेला, कारण सीएचबीवरची बाई म्हणजे संस्थेची की नाही यावरच एकमत होईना. आणि पटकथा! बेडूक काय करेल ते मी आधी कसं लिहिणार? मी भाबडेपणानं लिहिलं, "निरीक्षणानुसार ठरेल." तेही परत आलं. मग मामांनी शहाणपणा सुचवला: "लग्नाची पत्रिका जशी छापतेस तशी लिही. काय व्हायचंय ते लिही, झालं नाही तर बघू." मी चार पानी पटकथा लिहिली. दृश्य एक, ओढा. दृश्य दोन, नर पानावर येतो. दृश्य तीन, मादी. ती चालली.

मधल्या काळात कायद्यातच दुरुस्ती झाली होती. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि कलम २८ मध्ये छायाचित्रणाच्या जोडीला चित्रीकरण हा शब्दही आला, अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांना बाधा न आणता या अटीसह. मी तोच शब्दप्रयोग उचलून अर्ज तिसऱ्यांदा टाइप केला. ज्यांना परवानगी हवी आहे त्यांनी कायद्यातलं ते वाक्य एकदा मुळातून वाचावं. आपली भाषा आणि फाइलची भाषा एक झाली की टेबलापलीकडच्या माणसालाही हायसं वाटतं.

एप्रिलच्या शेवटी कळलं की फाइल कुठेच नाही. कुठल्या टेबलावर हरवली ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. माझ्याकडे आवक क्रमांक नव्हता, कारण मी अर्ज देऊन, चहा पिऊन, हसून घरी आले होते. दुसरी प्रत घेऊन परत गेले तेव्हा पोच घेतली, त्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, आणि तिथेच त्याचा मोबाइलवर फोटो. त्यानंतर फोनवर मी माझं नाव सांगायचं सोडलं. नुसता क्रमांक सांगायचे. नावापेक्षा क्रमांकाला लवकर ओळख मिळते.

या कागदांच्या, झेरॉक्सच्या आणि कराड-कोल्हापूर एसटीच्या मिळून ३,४०० रुपये गेले. वन विभागाचं शुल्क आणि अनामत वेगळी. ते आकडे बदलतात, आपल्या आदेशात असतील ते खरे. अनामत आपोआप परत येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, त्याचीही पोच घ्या.

जून उजाडला. त्या वर्षी पाऊस रखडला होता. आमच्याकडे पावसाळ्यात पेपर उघडला की आधी कोयना, नवजा, महाबळेश्वरचे मिलिमीटर बघायची सवय असते, पण जूनच्या मध्यापर्यंत बघायला काही नव्हतंच. महिनाअखेरीस तो आला तेव्हा धो धो आला आणि माझ्याकडे परवाना नव्हता. बेडकांचे दिवस सुरू झाले होते. मी घरात बसून रडले, हेही लिहून ठेवते.

आईच्या ओळखीतले एक तात्या पाटणच्या वर, खोऱ्यात राहतात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव छापलं की पुढच्या पावसात टॉर्च घेऊन गाड्या येतात. आईनं त्यांना फोनवर माझं रडगाणं सांगितलं. तात्या म्हणाले, "त्यात काय, आमच्या भाताच्या खाचराखालनं वढा जातोय. बेडकं रग्गड हायेत. ये की."

५ जुलैला गेले. मालकीची जमीन, अभयारण्याच्या बाहेर. तात्यांची लेखी संमती घेतली, वनपालांना फोन करून कल्पना दिली आणि ग्रामपंचायतीतही एक कागद दिला, कारण रात्री दिवे घेऊन ओढ्यात उतरलेली मुलगी बघून गावानं काय समजावं? पहिल्याच रात्री साडेआठला पाण्यावर वाकलेल्या पानावर तो बसलेला होता. हातभर अंतरावर. ज्याच्यासाठी मी आठ महिने नागपूरकडे डोळे लावून बसले होते, तो तात्यांच्या बांधाखाली होता. तेव्हा आधी जनावर कुठे कुठे राहतं ते बघा, मग अर्ज कुठे करायचा ते ठरवा. प्राणिशास्त्र शिकलेल्या मुलीला हे उलट्या क्रमानं कळलं.

रात्रींचं सांगते. सोबत मामेभाऊ आणि तात्यांच्या घरातल्या मावशी. एकटीनं जायचं नाही हे घरच्यांनी बजावलं होतं आणि ते बरोबरच होतं, ओढ्याला पाणी कधी चढेल सांगता येत नाही. जळवांसाठी तंबाखूचं पाणी पायाला चोळायचं. पांढरा उजेड पडला की तो गप्प व्हायचा, म्हणून लाल दिव्यावर शोधायचं आणि चित्रीकरणापुरता मंद दिवा बाजूनं, पाण्यावर आपटून येईल असा लावायचा. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स पुण्याहून भाड्यानं आणली होती, दिवसाला ६०० रुपये, एकूण २२ दिवस. कॅमेऱ्याची बॉडी मामांची. कॅमेऱ्यासाठी विकतचं रेनकव्हर घेतलं ते दुसऱ्या रात्रीच आतून घामेजलं. मावशींनी बघितलं, काही न बोलता आत गेल्या आणि माळ्यावरचं जुनं इरलं घेऊन आल्या. भात लावताना बायका पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं, पानं घातलेलं. ते ट्रायपॉडवर उलट्या होडीसारखं बसलं. वरून पाणी निथळायचं, खालून वारा खेळायचा, आणि प्लॅस्टिकवर वाजतात तसे थेंब त्यावर वाजायचे नाहीत, त्यामुळे आवाजाचं रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. माझ्या सगळ्या सामानात फुकट मिळालेली आणि सगळ्यात कामाची वस्तू तीच. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मात्र भरपूर न्या आणि त्या चुलीपाशी वाळवून परत वापरा. लाईट गेली की बॅटऱ्या शाळेत नेऊन चार्ज करायचो, तिथे इन्व्हर्टर होता.

अकरा रात्री काही झालं नाही. नर ओरडायचे, माद्या यायच्या, निघून जायच्या. बाराव्या रात्री मादी आली ती पानाच्या पलीकडच्या बाजूला, एका आडव्या काटकीमागे. मला पन्नास टक्के दिसत होतं. भाऊ कानात म्हणाला, "काटकी हळूच बाजूला घेऊ?" लग्नात मी फोटोच्या मध्ये आलेला मामांचा साडूसुद्धा बाजूला घेतला असता. पण नर त्याच काटकीला हात टेकणार होता. नाही घेतली. शॉट अर्धा गेला. त्या वेळी स्वतःचा राग आला होता, आज येत नाही. पुढे १९ जुलैला, पहाटे एकच्या सुमाराला, सगळं डोळ्यांसमोर झालं. तो पाठीवर आला, हात पानाच्या कडेला टेकवले, आणि उतरला. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग अंडी. मावशी इरल्याखाली वाकून छोट्या पडद्यात बघत होत्या. म्हणाल्या, "बाई गं, हा तर तिला हातबी लावंना." शोधनिबंधाचा सारांश याहून कमी शब्दांत मला करता आला नसता. ते वाक्य फिल्ममध्ये आहे.

२७ जुलैला परवाना आला. पंधरा दिवसांचा. सगळ्या अटी वाचत गेले: सोबत वनरक्षक असेल, ड्रोन नाही, मुक्काम नाही, चित्रित फिल्मची प्रत कार्यालयास सादर करावी. आणि अट क्रमांक सात: प्रवेश फक्त सूर्योदय ते सूर्यास्त.

रातबेडकासाठी दिवसाचा परवाना.

मामा इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मला वाटलं होतं मी चिडेन, पण अट चुकीची नव्हती. रात्री जंगलात माणूस नको हा नियम माझ्यासाठी वेगळा कशाला असावा? चूक माझीच. अर्जात मी कुठेही "रात्री" असं लिहिलंच नव्हतं, बेडकाच्या नावात आहे म्हणून साहेबांना कळेल असं गृहीत धरलेलं. वेळ स्पष्ट लिहा, नाहीतर कोऱ्या जागेत नियम येऊन बसतो.

मग दिवसाचं काम ठरवलं. पानांवरची अंडी, त्यांत वळवळणारी पिल्लं, ती सुटून खाली पाण्यात पडतात तो क्षण. हे दिवसाही दिसतं. सोबतच्या वनरक्षकदादांना पावसात दिवसभर उभं राहायची सवय होती, पण एकाच पानासमोर उभं राहायची नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "मॅडम, हिकडं बघा, हे आज सुटतंय." त्यांनी दाखवलेलंच दृश्य फिल्मचा शेवट आहे.

चित्रीकरण संपलं तेव्हा माझ्याकडे चौदा तासांचं फूटेज होतं आणि मला वाटत होतं काम झालं. संकलन पुण्याच्या एका मित्रानं मैत्रीखातर १५,००० रुपयांत केलं. पहिलं कच्चं रूप बघून माझे सर म्हणाले, "हा प्रबंध आहे, फिल्म नाही." निवेदनात मी पहिल्या मिनिटाला प्रदेशनिष्ठ, अधिवास, प्रजननवर्तन असे तीन शब्द घातले होते. ते काढले. मग भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. बाराव्या रात्रीच्या मादीचा पानावर येतानाचा शॉट फार सुंदर होता आणि १९ तारखेच्या मादीचा येतानाचा शॉट नव्हताच. मित्रानं दोन्ही जोडले. बघणाऱ्याला एकच मादी वाटते. तो म्हणाला, "सगळे असंच करतात, कुणाला कळणार आहे?" मला कळत होतं. चार दिवस आमचं बोलणं बंद. मी आजही म्हणत नाही की जोडणं म्हणजे पाप. वाघाच्या फिल्मा बघताना मीही विचारत नाही की हा तोच वाघ का. पण इथे फिल्मचं अख्खं म्हणणं "हे असं घडतं, बघा" एवढंच होतं. शेवटी निवेदनात एक वाक्य आलं, "ही दुसरी रात्र, ही दुसरी मादी." मित्राच्या मते तिथे लय मोडते. मोडतेच. पण मावशींनी फिल्म बघताना तिथेच विचारलं, "मग पयल्या रातीची कुठं गेली?" आणि त्यावर पाच मिनिटं गप्पा झाल्या.

शब्दांचाही घोळ होता. शाळेत दाखवायची तर शुक्रद्रव म्हणायचं का? एका शिक्षकांनी सुचवलं, "जादूचं पाणी म्हणा." नाही म्हटलं. शुक्रद्रवच ठेवलं, आधी एक वाक्य घालून: "बाकीचे बेडूक मिठी मारतात, हा पानाला धरतो." पोरांनी तेवढंच लक्षात ठेवलं, आणि तेवढं पुरे आहे.

जानेवारी २०२४ मध्ये फिल्म पूर्ण झाली. परवान्याच्या अटीप्रमाणे प्रत द्यायला गेले, पेनड्राइव्ह घेऊन. "डीव्हीडीवर द्या." माझ्या लॅपटॉपला डीव्हीडीचं तोंडच नाही. कराडात तीन दुकानं फिरून एका जुन्या कॅसेटवाल्याकडे ८० रुपयांत काम झालं. पोच घेतली, आवक क्रमांकासह. महोत्सवांना पाठवली त्याची शुल्कं ५,६०० रुपये. आठांपैकी दोनांनी घेतली. माइक आणि रेकॉर्डर जुना घेतला त्याचे १४,०००, दिवे-बॅटऱ्या वगैरे ४,८००, मावशींकडे जेवण-राहण्याचे त्या नको म्हणत असताना दिलेले ६,०००. लेन्सचं भाडं आणि कागदपत्रं धरून बेरीज ६२,००० झाली. दोन लग्नसराया गेल्या त्यात. फिल्मनं अजून एक रुपया परत दिलेला नाही, पण तिच्यामुळे दोन संस्थांनी शाळांसाठी छोट्या ध्वनिचित्रफिती करायला बोलावलं, त्याचे पैसे मिळतात आणि वेळेवर मिळतात. सकाळची सीएचबी अजून सोडलेली नाही.

मार्चमध्ये गावात दाखवली, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर, वर चादर ताणून. पन्नासेक माणसं. आवाज सुरू झाला तशी मागून एक आजी म्हणाल्या, "अगं, हा व्हय? मी जल्मभर रातकिडा समजत हुते." चादरीवर अंडी दिसली तेव्हा तात्या उठून उभे राहिले. दर पावसाळ्यात ओढ्याकडेची ती झुडपं ते तासतात, वैरणीला. "म्हंजे मी ह्यांची घरंच तासत हुतो की," म्हणाले. ओढ्याकडचं औंदा तासणार नाही असं चारचौघांत बोलून मोकळे झाले. मी काहीच सांगितलेलं नव्हतं. निवेदनात झुडपांबद्दल अवाक्षर नाही.

२०२४ च्या जुलैत गेले तेव्हा निम्मी झुडपं तासलेली होती. म्हैस व्यालेली, पावसानं बाहेर पडता येईना, वैरण आणायची कुठून? तात्या जरा अवघडून म्हणाले, "वरच्या अंगाचं ठेवलंय बघ." वरच्या अंगाला गेले. बारा पानांवर अंडी होती. कॅमेरा नेला नव्हता. वहीत लिहून घेतलं.